मदत हवी आहे: भावाचं गजकर्ण मलमानं दबतं आणि पुन्हा उसळतं

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २६, चिपळुणात गॅरेजमध्ये काम करतो. दिवसभर जाड जीन्स, घाम, आणि पावसाळ्यात ती जीन्स धड वाळतही नाही. मागच्या पावसात जांघेत आणि कमरेला गजकर्ण उठलं. मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. ट्यूब बंद केली की आठवड्याभरात आधीपेक्षा मोठा चट्टा. असं करत वर्ष निघालं. आता पोटावरही पसरलंय आणि पूर्वीसारखी एक गोल कड न दिसता वर्तुळात वर्तुळं दिसतात. जांघेत जांभळट पट्टे उमटलेत, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल असं लिहिलंय.

मायकोनाझोल बुरशीचंच औषध ना? मग बरं का होत नाही? ते पट्टे जातील का? रात्री खाजेनं त्याची झोप उडते, बघवत नाही.

पिंपळपान
ताई, मी त्वचारोग विभागाच्या प्रयोगशाळेत काम करते. असे रुग्ण आमच्याकडे रोज येतात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

त्वचेच्या वरच्या भागाच्या, म्हणजे एपिडर्मिसच्या, तळाशी नव्या पेशी तयार होत असतात. त्या वर सरकता सरकता केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरतात, चपट्या होतात आणि सर्वात वर पोचेपर्यंत मेलेल्या असतात. या मेलेल्या थरातच गजकर्णाची बुरशी राहते, कारण केराटिन हेच तिचं अन्न. तिथे रक्तवाहिनी नाही. रक्तवाहिन्या खालच्या डर्मिसमध्ये असतात, आणि लाली, सूज, खाज ही बुरशीविरुद्ध शरीरानं दिलेली झुंज असते. क्लोबेटासोल हे फार तीव्र स्टेरॉइड आहे. ते ही झुंजच दाबून टाकतं. भावाला वाटतं बरं झालं, आणि बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. तिच्याशी एकटं मायकोनाझोल पुरं पडत नाही.

पट्ट्यांचं कारणही तेच. स्टेरॉइडमुळे डर्मिसमधलं, त्वचेला बळकटी देणारं कोलॅजन कमी होतं आणि त्वचा आतून विरते. जांघेतली त्वचा मुळात पातळ, त्यात घडी, म्हणून तिथे मलम जास्त शोषलं जातं. जांभळा रंग जाऊन पट्टे पांढरट होतील, पण पूर्ण पुसले जाणार नाहीत. म्हणूनच घाई करा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. चट्ट्याच्या कडेची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला केओएच तपासणी म्हणतात. ती ट्यूब बंद झाल्यावर काही दिवस खाज जोरात उसळेल, हे भावाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो परत तिच्याकडेच वळेल.

अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये सरकारनं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली. तरी ती कुठल्याही काउंटरवर मिळतात, याचा मला मनापासून राग येतो.

तांबडीमाती
वरच्या प्रतिसादाला जोडून एक. माझ्या पायावरचा गोल चट्टा सगळ्यांनी गजकर्ण ठरवला होता. तपासणीत बुरशी सापडलीच नाही, निघालं इसब. त्यावर डॉक्टरांनी स्टेरॉइडच दिलं, मोजक्या दिवसांसाठी, आणि बरं झालं. औषध वाईट नसतं हो, ते कशावर लावतोय हे आधी कळायला हवं. नुसतं बघून ठरवू नका, खरवड तपासून घ्याच.

वाशिष्ठीकाठ
खूप आभार. आज दाखवून आलो, बुरशी भरपूर सापडली. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आणि लावायला साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम दिलंय. डॉक्टर म्हणाल्या कमरेचा करदोटा काढा. आई ऐकायला तयार नाही, लहानपणापासून आहे म्हणते. काढणं खरंच गरजेचं आहे का?

पिंपळपान
हो, काढाच. सुती करदोटा दिवसभर घाम धरून ठेवतो आणि कातडीला घासत राहतो. कमरेवर तो बसतो त्याच रेषेत गजकर्ण पुन्हा पुन्हा येताना मी पाहिलंय. आईंना सांगा, हा काढून ठेवू, पूर्ण बरा झाला की नवा बांधू. एवढं बहुतेक आया मान्य करतात.

कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. त्यासोबत ॲसिडिटीची गोळी नको. हृदयाचा त्रास असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसारखी दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं साध्या त्वचेवरही लावा, बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टे दिसेनासे झाले की लगेच थांबू नका, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा. हल्ली काही बुरशी टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत, त्यामुळे अर्धवट उपचार फार महागात पडतो.

रानमोगरा
कपड्यांचं विसरू नका. आमच्याकडे चौघांना झालं होतं, टॉवेल एकच वापरायचो. त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. पावसात ऊन नसेल तर उलटे करून शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा, विशेषतः चड्डीच्या इलॅस्टिकवर. जीन्सऐवजी सैल सुती पँट.

वाशिष्ठीकाठ
हे सगळं आजपासूनच करते. एक राहिलं. दोन वर्षांच्या भाचीच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा आहे, तिथले केस तुटल्यासारखे दिसतात. भावजय म्हणतेय, भावाचं नवीन मलम थोडं लावू का?

पिंपळपान
नको. केसाचं मूळ त्वचेत खोल, डर्मिसपर्यंत गेलेलं असतं, आणि डोक्यावरची बुरशी केसातच शिरते. तिथे नुसतं मलम पोचत नाही, पोटातून औषध लागतं, आणि लहान मुलांना त्याचा डोस वजनावर ठरतो. उद्याच त्याच डॉक्टरांकडे न्या. तोवर तिचा कंगवा, टोपी, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. भावजय गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, म्हणजे तिला स्वतःला चट्टा उठलाच तर औषध जपून देता येईल.