विषय: मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर किती आणि वेळ किती?

नमस्कार मंडळी,
आईबाबांसाठी थेट विमान बघतोय. अंतर एका ठिकाणी १२,५३०, दुसरीकडे ७,७८६, तर तिसरीकडे ६,७६६ दिसतं. कुठलं धरायचं? आणि इकडे न्यूयॉर्कला यायला जास्त वेळ, परत जायला कमी, असं का?

उत्तर:
तिन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा मैलांचा, तिसरा सागरी मैलांचा (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी).

स्वतः पडताळून बघा. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५. इथेच बहुतेकांचं चुकतं, ते वजाबाकी करतात. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्या. त्यात दोन्ही कोसाइन आणि १४६.६५ चा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. उणे ०.३८६ येतं. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ११२.७ अंश. अंशाला १११.२ किमी धरले की झालं.

पृथ्वीच्या गोलावरचा हा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वेडावाकडा वाटतो: पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडोर. सर्वांत वर तो जवळपास ६५ अंश उत्तरेला पोचतो. विमान मात्र हुबेहूब असं जात नाही. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा पडला की अंतर वाढतं, म्हणून तिकीट काढताना कंपनीचं सध्याचं वेळापत्रकच बघा, जुने आकडे नकोत.

वेळेचा हिशेब: वारा नसेल तर विमान ताशी सुमारे ९०० किमी जातं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. इकडे येताना सरासरी ताशी ५० किमीचा विरोध धरा आणि वळशासकट १३,३०० किमी: १५.६ तास. धावपट्टीपर्यंत जाणं-येणं आणि चढ-उतार यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. परतताना तोच वारा पाठीशी, ताशी ९५० धरले तर चौदा तास, अधिक तोच अर्धा-पाऊण तास. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात, त्यामुळे फरकही वाढतो.

आणखी एक:
तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, एरवी साडेदहा. रात्री २ ला सुटलेलं सोळा तासांचं विमान जानेवारीत सकाळी ७:३० ला उतरेल, जुलैत ८:३० ला. विमानतळावर न्यायला जाणाऱ्यांनी हा तास विसरू नये. पुढचं विमान पकडायचं असेल तर इमिग्रेशन, सामान घेणं आणि पुन्हा चेक-इन, सगळं पहिल्याच अमेरिकन विमानतळावर होतं. ज्येष्ठांसाठी मध्ये किमान तीन-चार तास ठेवा आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा.