'द विच' : समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पब्लिकला रटाळ वाटला. बरोबर कोण?

बालाघाटकर, अंबाजोगाई
रॉबर्ट एगर्सचा 'द विच' हा भयपट परत बघितला. 2015 ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस, समीक्षक खूश, अन् 2016 ला अमेरिकेत थेटरात लागल्यावर सिनेमास्कोर या पाहणी कंपनीनं प्रेक्षकांना विचारलं तर ग्रेड आली सी मायनस. मी समीक्षकांच्या बाजूनं आहे. 1630 च्या सुमाराचं न्यू इंग्लंड (अमेरिकेतला इंग्रजांच्या वसाहतींचा भाग), धर्मावरून वाद घातला म्हणून वस्तीतून हाकललेलं कुटुंब जंगलाच्या कडंला शेती करायलंय, मका सडायलीय, बाप बायकोचा चांदीचा पेला गुपचूप देऊन सापळे आणतो अन् पेल्याचा आळ थोरल्या पोरीवर, थॉमसिनवर जायला लागला तरी गप बसतो. भीती तिथंच आहे. पीक गेल्यावर घरात कुणी कुणाशी बोलत नाही ते आपण मराठवाड्यात बघितलेलंय, चेटकिणीची वाट कशाला बघायची?

नांदेडी
घरातला अबोला बघायला कुणी तिकीट काढत नाही राव. 92 मिनिटाचा पिक्चर, संपता संपंना. जुनी इंग्रजी, सबटायटल लावूनबी अर्धं डोक्यावरून, वरून सगळा अंधार. समीक्षकांना सारखे भुताचेच पिक्चर बघावे लागतेत म्हणून जरा येगळं दिसलं की नावाजतेत. सी मायनस देणाऱ्याला अडाणी समजू नका.

बालाघाटकर
अडाणी कोण म्हणलं? ट्रेलरमधी दचकवणारे तुकडेच जोडून लोकांना बोलावलं, चिडणारच की. पण अंधार हा दोष नाही, घरातले बरेच सीन मेणबत्त्यांच्या उजेडात घेतलेत, त्या काळी दुसरं होतं काय? संवादबी बरेचसे त्या काळच्या लिखाणातून उचललेत. अन् 40 लाख डॉलरच्या पिक्चरनं जगभरात 4 कोटी डॉलर कमावले, म्हणजे पब्लिक आलंच होतं.

लातूरची लेक
मला संथपणा आवडला, माझं भांडण वेगळंय. सुरुवातीलाच चेटकीण खरीखुरी दाखवलीय. न्यू इंग्लंडातल्याच सेलम गावात 1692 ला चेटूक केल्याचे खटले चालवून 19 जणांना फाशी दिली, त्यात एकही चेटकीण नव्हती. आपल्याकडं भानामती केली म्हणून बायांना मारलंय, 2013 ला कायदा करावा लागला. अशात चेटकीण खरी दाखवायची अन् समीक्षकांनी त्याला बाईच्या मुक्तीचा पिक्चर म्हणायचं, हे कसं पटवून घ्यायचं?

बालाघाटकर
ताई, पिक्चरच्या नावाखालीच लिहिलंय की ही न्यू इंग्लंडची लोककथा आहे. त्या माणसांना जे खरं वाटायचं ते त्यांच्याच डोळ्यांनी दाखवलं. अन् थॉमसिननं काहीच केलेलं नसताना सगळे तिच्यावर उठतात, तिथं घरचेच खोटे पडतात ना.

लातूरची लेक
खोटे पडतात, पण शेवटी ती बोकडाच्या रूपातल्या सैतानाच्या वहीत सही करून चेटकीण होते (बघितला नसंल त्यांनी हे वाचू नका). म्हणजे आरोप करणाऱ्यांचंच खरं झालं.

बालाघाटकर
घरातलं कुणी उरलं नाही, दाणा नाही, वस्तीत परत जायला तोंड नाही. तो तिला आमिष कशाचं दाखवतो बघा, लोण्याचं अन् चांगल्या झग्याचं. तिला चेटकीण उपासमारीनं अन् घरच्यांनी केली.

लातूरची लेक
उपाशी पोर लोण्याला भुलली इथपर्यंत मान्य. मग शेवटी तिला हसत हसत हवेत वर का नेलं? तिथं तिला झालेला आनंद दिग्दर्शकानं खरा म्हणून दाखवलाय, उपासमारीचा त्यात मागमूस नाही, अन् मला तेच पचलं नाही.