एम.एस.मधील उष्णतेचा त्रास आणि थकवा: याला नवा झटका समजावे का?

अकोलेकर:
माझी पत्नी ३४ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याच्या नसेला सूज आली आणि एमआरआयनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एम.एस., म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचा आजार) निदान झाले. औषध नियमित चालू आहे व गेल्या वर्षभरात एमआरआयमध्ये इजेचा नवा डाग दिसलेला नाही. तरीही मार्च संपत आला की तिची अवस्था बदलते. गॅससमोर चौथी-पाचवी भाकरी थापेपर्यंत उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा येतो आणि हातांतले बळ जाते. कूलरसमोर अर्धा तास बसली की दोन्ही पूर्ववत होते. शाळेतून परतल्यावर तर बोलण्याइतकेही त्राण तिच्यात राहत नाही. आईला हे पटत नाही. ‘दिसायला तर ठणठणीत आहे’ हे वाक्य घरात रोज ऐकू येते आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात ते अधूनमधून येऊन जाते. उष्णतेने आजार वाढत आहे का, दरवेळी स्टेरॉइड घ्यावे लागेल का, आणि थकव्यावर एखादी गोळी आहे का?

शरीरक्रिया_शिक्षक:
मी डॉक्टर नाही, पण हा विषय शिकवतो. आपण वर्णन केलेला प्रकार १८९० साली विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवला आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. श्रम केल्यावर आपल्या काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे त्याने पाहिले होते. त्यामागचे खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान आहे, हे नंतर उमगले. या आजारात चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी झिजलेले असते आणि तिथून संदेश कसाबसा पलीकडे जातो. तापमान वाढले की तंतूंतील सोडियमच्या वाहिन्या लवकर मिटतात, संदेशाचा जोर कमी पडतो आणि तो डागापाशीच थांबतो. निरोगी तंतूत हा जोर गरजेपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे आपल्याला फरक जाणवत नाही. आपल्या पत्नीच्या त्या नसेत मात्र तेवढी शिल्लकच उरलेली नाही. अर्ध्या अंशाची वाढही काही रुग्णांना पुरते. एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे उमटतात का, हे पाहत असत, यावरून हा संबंध किती पक्का आहे ते लक्षात यावे.

यात नवी इजा होत नाही, म्हणून स्टेरॉइडचा प्रश्न सहसा येत नाही. ताप किंवा संसर्ग नसताना त्रास २४ तासांहून अधिक टिकला, तर मात्र न्यूरोलॉजिस्टना लगेच कळवावे. लघवीच्या जागी झालेला साधा संसर्गही जुनी लक्षणे उसळवतो, त्यामुळे आधी ती तपासणी करून घेतलेली बरी.

ठाण्याची_रुग्ण:
मला हा आजार होऊन अकरा वर्षे झाली. थकवा या शब्दाने घोटाळा होतो, कारण तो सगळ्यांनाच येतो. माझ्या बाबतीत असे होते की केसांतून कंगवा अर्ध्यावर आलेला असतो आणि हात तिथून वर नेण्याची ताकद संपते. रात्रभर झोप झाली असली तरी. आमच्या घरीही ‘चालते-फिरते, मग काय झालंय?’ असेच विचारत. गंमत म्हणजे वैद्यकातही काहीसे तसेच आहे. अपंगत्व मोजण्याची कुर्ट्झके यांची शून्य ते दहाची पट्टी जगभर वापरली जाते, पण चारच्या पुढे तिचा भर मुख्यतः चालण्यावर आहे. न थांबता अर्धा किलोमीटर चालणारी बाई दुपारभर आडवी पडून असली, तरी त्या पट्टीवर ते फारसे दिसत नाही.

गोळ्यांविषयी सांगायचे तर २०२१ साली अमेरिकेत १४१ रुग्णांना अमँटाडीन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि औषधाचा अंश नसलेली गोळी आळीपाळीने देऊन पाहिली गेली. थकवा चारही गोळ्यांनी जवळपास सारखाच कमी झाला. दुष्परिणाम मात्र औषधांचे अधिक होते. मला स्वतःला अमँटाडीनने झोप उडण्यापलीकडे काही मिळाले नाही. नेमाने केलेला बेताचा व्यायाम आणि कामांची वाटणी यांचा उपयोग झाला. व्यायाम करतानाही अंग तापून नजर धुरकटते, म्हणून मी तो पहाटे पंख्याखाली, मानेवर ओला पंचा टाकून करते. शरीर थंड ठेवणाऱ्या जाकिटाचा प्रयोग ८४ रुग्णांवर झाला होता. त्यात थोडा पण खरा फायदा दिसला. तुमच्याकडच्या कोरड्या उन्हात ओला पंचा चांगले काम करील, आमच्या दमट हवेत त्याचे पाणी सुकतच नाही.

शरीरक्रिया_शिक्षक:
वरील प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो. ते निष्कर्ष सरासरीचे आहेत, त्यामुळे एखाद्या रुग्णाला गोळीचा उपयोग होतच नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. थकव्याची थायरॉइड, रक्तातील लोह, नैराश्य व झोपेचे विकार ही कारणेही आधी तपासली जावीत, कारण त्यांवर उपचार आहेत. शाळेसंबंधी एवढेच सांगतो की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. परीक्षेच्या काळातील दुपारची कामे बदलून मागताना हा मुद्दा अर्जात लिहिता येईल.

अकोलेकर:
दोघांचेही आभार. गरम पाण्याच्या टबाची हकिकत काल आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारले, ‘म्हणजे माघात ती बरी असते ती यामुळेच का?’ आज भाकऱ्या सकाळी सहालाच झाल्या आणि शेवटच्या तीन आईने थापल्या. थायरॉइडची तपासणी पुढच्या भेटीपूर्वी करून घेतो. ठाण्याच्या ताईंना एक विचारायचे आहे: शाळेत तासांच्या मध्ये पंचा ओला करणे तिला अवघड वाटते, तर बाहेर असताना तुम्ही काय करता?