फुटलेले आराखडे: एक्सबॉक्सचा तो दंडगोल खरा होता की बनावट?

निळा_झेंडू (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. सप्टेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या व्हिडिओ गेम यंत्राच्या विभागाची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा त्यांत ‘ब्रुकलिन’ या सांकेतिक नावाच्या यंत्राचे चित्र होते, हे येथे अनेकांना आठवत असेल. डिस्कचा कप्पा काढून टाकलेला, उभ्या दंडगोलासारखा नवा ‘सिरीज एक्स’ हा एक्सबॉक्स, त्यात 2 टेराबाइट साठवण, पुढच्या बाजूला यूएसबी-सी, किंमत 499 डॉलर आणि बाजारात येण्याचा महिना नोव्हेंबर 2024, असा तो आराखडा होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2024 मध्ये डिस्कविरहित सिरीज एक्स आला खरा, परंतु तो त्याच जुन्या चौकोनी खोक्यात, पांढऱ्या रंगात, 1 टेराबाइट साठवण आणि 449 डॉलर किंमत घेऊन आला. त्या आराखड्यातला ‘सेबील’ नावाचा नवा कंट्रोलर मे 2024 मध्ये यायचा होता, तोही आला नाही.

माझ्या धाकट्या भावाचे यावरून ठाम मत झाले आहे की ती कागदपत्रे मुळातच बनावट होती. दंडगोलाचे चित्र संगणकावर कोणीही काढू शकतो, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा की एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी त्याच वेळी जाहीरपणे लिहिले होते की बरेच काही बदलले आहे आणि खरे बेत आम्ही तयार झाल्यावर सांगू. म्हणजे बाहेर आलेले बेत खरे नव्हते, असे त्यांनीच सांगून टाकले. त्याच कागदांत 2028 मध्ये येणाऱ्या पुढच्या पिढीच्या यंत्राचाही उल्लेख असल्यामुळे, हे एक खोटे ठरले तर तेही खोटेच, असा त्याचा निष्कर्ष आहे. मला हे पटत नाही, परंतु खोडून काढता येईल इतकी माहितीही माझ्याकडे नाही. त्या कागदांच्या खरेपणाचा नेमका आधार काय होता, आणि ते खरे असतील तर त्यांतील यंत्र आले का नाही, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

---

कोथरूडकर:

आपल्या बंधूंची शंका चित्र पाहून आलेली दिसते. कागद कोठून आला, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. ही कागदपत्रे कोणा अनामिकाने मध्यरात्री चिकटवलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही खेळ बनवणारी कंपनी सुमारे 69 अब्ज डॉलरला विकत घेण्यास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या स्पर्धा-नियामक संस्थेने हरकत घेतली होती आणि त्या खटल्याची सुनावणी जून 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात झाली. जुलैमध्ये न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी कमिशनची मागणी फेटाळली. त्यानंतर पुराव्यातील कागद सार्वजनिक करण्याचे काम चालू असताना गोपनीय फायलीही न्यायालयाच्या संकेतस्थळावर पोहोचल्या. त्या फायलींचा दुवा 14 सप्टेंबरला खुद्द मायक्रोसॉफ्टकडूनच आला होता, असे न्यायालयाच्या आदेशात नोंदले गेले. कमिशननेही आपला यात हात नसल्याचे तातडीने सांगितले होते.

स्पेन्सर यांच्या विधानाचा आपल्या बंधूंनी लावलेला अर्थ मला ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो. त्यांनी त्या मजकुराला जुने ईमेल आणि जुनी कागदपत्रे असे म्हटले, आपल्या लोकांचे काम अशा रीतीने बाहेर यावे याचे दुःख व्यक्त केले, आणि कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात खटल्यातील काही कागद अनवधानाने उघड झाल्याचे मान्य केले. कागद बनावट असता तर एका ओळीत तसे सांगून विषय मिटवता आला असता. खोट्या कागदाबद्दल ‘आता बरेच बदलले आहे’ असे कोणी म्हणत नाही.

---

वकीलबाई:

कोथरूडकर यांच्याशी सहमत आहे. कामकाजाच्या अंगाने थोडी भर घालते. अशा खटल्यात कंपनी आपल्याला हवे तेवढेच कागद निवडून न्यायालयापुढे मांडत नाही. समोरच्या पक्षाने मागितलेले अंतर्गत ईमेल, सादरीकरणे आणि तक्ते तिला द्यावेच लागतात, आणि त्यांत फेरफार केल्याचे उघड झाले तर मूळ खटल्याहून मोठे प्रकरण गळ्यात पडते. त्यामुळे पुराव्यात दाखल असलेला कागद कंपनीच्या दप्तरातून आला आहे, हे गृहीत धरायला हरकत नाही.

आता हा घोळ झाला कसा, ते पाहण्यासारखे आहे. या फायली पानांवर छापल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्या एका पीडीएफच्या आत जोडपत्रे म्हणून बसलेल्या होत्या. पीडीएफ उघडून पाने चाळणाऱ्याला केवळ वरचा पत्रव्यवहार दिसतो. बाजूची जोडपत्रांची पट्टी उघडली तरच आतली भरलेली पोतडी हाती लागते. आमच्या व्यवसायात दस्तऐवज झाकण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाकडे आणि सर्वांत शेवटच्या दिवशी येते, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. याच खटल्यात जूनमध्ये सोनीच्या कागदांवरील आकडे काळ्या मार्करने खोडून पान स्कॅन केले गेले होते आणि शाईखालचे आकडे वाचता येत होते. सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाच्या दुसऱ्या भागाला सुमारे 22 कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे 21 कोटी 20 लाख डॉलर खर्च आला, हे जगाला त्या मार्करमुळे कळले. एकाच खटल्यात दोन प्रतिस्पर्ध्यांची गुपिते अशी बाहेर पडली.

---

तिरकस:

दस्तऐवज कंपनीचाच आहे, यावर माझा आक्षेप नाही. परंतु येथे सर्वजण न्यायालयाचा शिक्का पाहून जरा जास्तच निश्चिंत झालेले दिसतात. न्यायालयात दाखल झालेल्या कागदाने एवढेच सिद्ध होते की कंपनीतील कोणी तरी, कोणत्या तरी दिवशी, असे लिहिले होते. ‘ब्रुकलिन’चे पान पाहा. त्यावर यंत्राचे वर्णन ‘मोहक आणि पूर्णपणे डिजिटल’ अशा थाटात केले होते. वरिष्ठांपुढे प्रकल्प मांडून पैसे मंजूर करून घेणाऱ्या माणसाची ही भाषा आहे. असे आराखडे प्रत्येक मोठ्या कंपनीत ढिगाने तयार होतात आणि त्यांतील बहुतेक कपाटातच राहतात.

2012 चे उदाहरण येथे कोणी काढले नाही याचे आश्चर्य वाटते. त्या वर्षी जूनमध्ये ‘एक्सबॉक्स 720’ नावाने 56 पानांचा दस्तऐवज स्क्रिब्ड या दस्तऐवजांच्या संकेतस्थळावर आला होता. मजकूर 2010 मधला होता. एका विधी संस्थेने तो काढून टाकण्याची मागणी केली आणि तो हटवला गेला, म्हणून सर्वांनी तो खराच असल्याचे मानले. त्यात 2013 साल, सुधारित किनेक्ट (हालचाली टिपणारा कॅमेरा) आणि ब्ल्यू-रे डिस्क हे बरोबर निघाले. किंमत मात्र 299 डॉलर लिहिलेली होती, आणि 22 नोव्हेंबर 2013 रोजी एक्सबॉक्स वन आला तो 499 डॉलरला. त्यात ‘फोर्टालेझा’ नावाचा चष्माही होता. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स हा तसा चष्मा जाहीर केला तो जानेवारी 2015 मध्ये, आणि तोही खेळाच्या यंत्राचा जोडीदार म्हणून नव्हे. त्या दस्तऐवजावर विसंबून कोणी 299 डॉलर बाजूला काढून ठेवले असते, तर त्याला तो खरा असण्याचा काय उपयोग झाला असता?

आणखी एक गोष्ट. लोकांचा अंदाज घेण्यासाठी कंपन्या स्वतःच माहिती सोडतात, हा संशय मी या प्रकरणातही पूर्णपणे सोडलेला नाही.

---

वकीलबाई:

तिरकस, शेवटचा परिच्छेद वगळता आपले म्हणणे मान्य आहे. लोकांचा अंदाज घ्यायचाच असेल तर एखाद्या पत्रकाराच्या कानात दोन शब्द सांगणे पुरते. त्यासाठी न्यायालयाच्या संकेतस्थळाचा वापर करून न्यायाधीशांपुढे अडचणीत यायचे, आणि सोबत निन्टेंडो ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेण्याबद्दलचा आपल्याच प्रमुखाचा 2020 मधला ईमेलही जगाला दाखवायचा, हे शहाणपणाचे लक्षण नाही. भागीदार आणि प्रतिस्पर्धी, दोघांसमोर एकाच वेळी लाजिरवाणे व्हावे लागेल असा कागद कोणी मुद्दाम सोडत नाही.

---

चिपळूणकर:

मी खेळ तयार करणाऱ्या एका छोट्या चमूत काम करतो, त्यामुळे या विषयाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहतो. तिरकस यांनी दिलेले 2012 चे उदाहरण योग्य आहे, परंतु त्यावरून सर्वच फुटलेल्या कागदांना एका मापाने मोजणे योग्य नाही. कागद कोणी, कोणासाठी लिहिला, यावर त्यातील आकडे कितपत टिकतील हे ठरते.

एप्रिल 2016 मध्ये सोनीच्या ‘निओ’ यंत्राची माहिती बाहेर आली, तेव्हा तिचा उगम खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेल्या तांत्रिक टिपणांत होता. प्रोसेसर 2.1 गिगाहर्ट्झ, ग्राफिक्ससाठी 36 गणनघटक आणि त्यांचा वेग 911 मेगाहर्ट्झ, असे आकडे त्यात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन 4 प्रो आला, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे निघाले. मार्च 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रोबाबत तेच झाले; चित्रनिर्मिती सुमारे 45 टक्क्यांनी जलद होईल असे टिपणात म्हटले होते आणि सप्टेंबरमध्ये सोनीने यंत्र जाहीर करताना तोच आकडा सांगितला. यात जादू काही नाही. ज्या आकड्यांवर शेकडो प्रोग्रामर आपला कोड बेतणार असतात, ते आकडे कंपनीला चुकीचे देऊन चालत नाही आणि इतक्या उशिरा बदलताही येत नाहीत. ‘ब्रुकलिन’चे पान व्यवस्थापनासाठी होते; त्यातील यंत्र बाजारात यायला तेव्हा बराच अवकाश होता आणि किंमत, रंगरूप, अगदी प्रकल्पच रद्द करण्याचा पर्याय, सारे मोकळे होते.

चित्राच्या आधारे खरेखोटे ठरवण्याबद्दलही एक सांगतो. मार्च 2016 मध्ये निन्टेंडोच्या त्या वेळच्या ‘एनएक्स’ यंत्राचा म्हणून एका लंबगोल कंट्रोलरचे छायाचित्र फिरले होते. त्यावर पडदा होता, खेळ चालवण्याच्या दोन काड्या (स्टिक) त्या पडद्यातून वर आलेल्या होत्या. पाठोपाठ दुसरे छायाचित्र आले, वेगळ्या कोनातून आणि वेगळ्या टेबलावर, त्यामुळे पहिल्याला पुष्टी मिळाल्यासारखे झाले. दोन्ही बनावट होती. करणाऱ्यांनी स्वतःच पुढे येऊन ती कशी तयार केली ते दाखवले; एक वस्तू तर त्रिमितीय छपाई करून हातात धरण्याजोगी बनवलेली होती. लोक फसले, कारण निन्टेंडोच्या नावावर तशाच आकाराचे एक खरे पेटंट आधीच प्रसिद्ध झालेले होते आणि बनवणाऱ्यांनी त्याबरहुकूम वस्तू घडवली होती.

‘ब्रुकलिन’च्या पानावर मात्र चित्राशेजारी वायफाय 6ई, ब्लूटूथ 5.2, 6 नॅनोमीटरवर आणलेली चिप आणि वीजपुरवठ्याच्या भागात 15 टक्के बचत अशी कंटाळवाणी यादी होती. अशा यादीवर कोणी टाळ्या वाजवत नाही. बनावट करणारा माणूस साधारणपणे टाळ्यांसाठी काम करतो.

---

तिरकस:

हुशार बनावटकार आता कंटाळवाणी यादीही जोडायला शिकेल; आपण त्याला धडाच दिलात. व्यवस्थापनाचे सादरीकरण आणि तांत्रिक टिपण यांतील फरक मात्र मान्य. तो मी आधी लक्षात घेतला असता तर माझा प्रतिसाद अर्धाच झाला असता.

---

कोथरूडकर:

कागद खरे होते याचा एक पुरावा नंतरच्या काळाने दिला आहे, तो नोंदवून ठेवतो. त्याच गठ्ठ्यात बेथेस्डा या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ कंपनीचा 2020 मधला खेळांचा तक्ता होता. त्यात ‘ऑब्लिव्हियन’च्या नूतनीकृत आवृत्तीचा उल्लेख होता आणि ती 22 एप्रिल 2025 रोजी अचानक बाजारात आली. इंडियाना जोन्सवरचा खेळही त्यात होता; तो जानेवारी 2021 मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर 2024 मध्ये आला. तक्त्यातील वर्षे साफ चुकली, कारण ‘ऑब्लिव्हियन’ 2022 च्या आर्थिक वर्षात दाखवला होता. ‘डिसऑनर्ड’चा तिसरा भाग त्यात होता, त्याचे नावही कोणी काढत नाही. धागाकर्त्यांच्या बंधूंना हा तक्ता अवश्य दाखवा: त्यातील काही खेळ आले, काही रखडले, काही गडप झाले, आणि तक्ता मात्र अस्सलच होता.

---

निळा_झेंडू:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तक्ता भावाला पाठवला. ‘ऑब्लिव्हियन’ त्याने स्वतःच खेळलेला असल्यामुळे बनावटपणाचा मुद्दा त्याने तूर्त मागे घेतला आहे. आता त्याचा नवा प्रश्न असा आहे की 2028 च्या यंत्राचे पान कोणत्या प्रकारात बसते? त्याला विश्वास ठेवून थांबायचे आहे.

---

चिपळूणकर:

ते पान व्यवस्थापनाच्या प्रकारातले आहे, आणि त्यातही फार आधीच्या टप्प्यावरचे. त्यात घरातील यंत्र आणि दूरचे सर्व्हर यांची ताकद एकत्र वापरण्याची कल्पना मांडली होती, परंतु प्रोसेसर एआरएमचा घ्यायचा की एएमडीचा झेन 6, हा निर्णयच तेव्हा व्हायचा होता. ग्राफिक्सची चिप एएमडीबरोबर मिळून घडवायची की तिचा परवाना घ्यायचा, हेही ठरलेले नव्हते. ज्या कागदात चिपच ठरलेली नाही, त्यातील वर्षावर पैसे साठवण्याची तारीख ठरवू नये. जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढच्या यंत्रांसाठी एएमडीबरोबर अनेक वर्षांचा करार जाहीर केला आहे. त्यामुळे भागीदार कोण, याबाबत 2023 मध्ये बाहेर आलेल्या पानापेक्षा ही घोषणा अधिक भरवशाची आहे. खेळ बनवणाऱ्यांना दिलेले तांत्रिक टिपण बाहेर येईल, तेव्हा मात्र बंधूंनी त्यातील वेग आणि मेमरीचे आकडे उतरवून ठेवावेत. किंमत त्यातही सापडणार नाही. ती आम्हाला कोणी सांगत नाही.