‘हिअर’ आणि ‘लिसन’: अर्थभेद आणि मूळ

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा):
मी आठवीला इंग्रजी शिकवतो. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे आणि ‘लिसन’ म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, हा भेद मुलांना सहज पटतो. मात्र न्यायाधीश खटला लक्ष देऊनच ऐकत असताना तेथे ‘हिअर’ का वापरतात, असे एका मुलीने विचारले. शिवाय या क्रियापदांचे आपल्या ‘श्रवणा’शी काही नाते आहे काय?

उत्तर (सांगली):
मुलीची शंका रास्त आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला कानावर पडणे एवढाच अर्थ नव्हता. म्हणणे ऐकून घेणे आणि आज्ञा पाळणे हेही अर्थ होते. ‘पोरगं अजिबात ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे कान तपासायला कोणी नेत नाही. त्यातला ऐकून घेण्याचा अर्थ न्यायालयात टिकला, म्हणून सुनावणीला ‘हिअरिंग’ म्हणतात आणि एरवी खटकणारे ‘इज हिअरिंग’ हे रूप तेथे बिनचूक ठरते. आज्ञापालनाचा अर्थ मात्र मागे पडला. त्यासाठी रूढ झालेला ‘ओबे’ हा शब्दही लॅटिनमधील ‘आउदीरे’, म्हणजे ऐकणे, यावरूनच आला आहे.

उत्तर (वाई):
श्रवणाचे नाते ‘लिसन’शी आहे, ‘हिअर’शी नाही. संस्कृत आणि इंग्रजी ज्या एका प्राचीन भाषेतून आल्या, त्या मूळ भाषेतील एका ‘क’सारख्या ध्वनीचा संस्कृतात ‘श’ झाला आणि इंग्रजीच्या कुळात ‘ह’. शत–हंड्रेड, शृंग–हॉर्न या जोड्या फळ्यावर लिहिल्या, तर मुलांना हे चटकन दिसेल. ‘क’चा ‘ह’ होण्याचा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडला. जुन्या इंग्रजीत ‘लिसन’च्या आरंभीही ‘ह’ होता, तो पुढे गळाला. त्यातला न उच्चारला जाणारा ‘टी’ मात्र मुळात नव्हताच; ‘लिस्ट’ या ऐकण्याच्याच अर्थाच्या जुन्या क्रियापदाच्या प्रभावाने तो नंतर आला. ‘लाउड’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. ‘हिअर’चा संबंध ज्या ग्रीक क्रियापदाशी जोडतात, त्यावरून ‘अकूस्टिक’ शब्द आला.

उत्तर (मिरज):
‘आउदीरे’च्याच कुळातला ‘ऑडिट’ हा शब्द आम्हा पतसंस्थेतल्या लोकांच्या रोजच्या तोंडी असतो. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐकून पडताळत असे, त्यामुळे लेखापरीक्षणाला हे नाव पडले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग कानाचा ‘इअर’ आणि ‘हिअर’ यांचे मूळ एकच असावे काय?

उत्तर (वाई):
‘इअर’चे आप्त लॅटिनमधील ‘आउरिस’, म्हणजे कान. ‘हिअर’च्या मुळातही कानाचाच शब्द दडला असावा, असे काही अभ्यासक मानतात, परंतु त्यावर एकमत नाही, त्यामुळे वर्गात ते ठामपणे सांगू नये.