मदत हवी आहे: टू-व्हील ड्राइव्ह जीपचा गिअरबॉक्स फोर बाय फोर जीपला बसेल का?

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी. जुन्या जीपचा गिअरबॉक्स गेला. भुसावळच्या भंगारातून तसाच दुसरा आठ हजारांत उचलला. घरी आणून बघतो तर टू-व्हीलच्या, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा. मागे लांब शेपूट आहे, पुढच्या-मागच्या धुऱ्यांना जोर वाटणारा ट्रान्सफरचा डबा टेकतसुद्धा नाही. कापून बसवता येईल का? गुरुवारी कटाई आहे, मजूर सांगून ठेवलेत, बागेत नुसता चिखल. लवकर सांगा.

रात्रपाळी
कोणती जीप?

केळीवाला_यावल
महिंद्रा.

रात्रपाळी
ते कळलं हो. मॉडेल? गिअर चार की पाच? जुन्या बॉक्सचं नेमकं काय गेलंय? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

धुळेकर_भो
भो, पयले हाई सांग, जुना डबा ठेवेल शे का भंगारम्हा दी टाका?

केळीवाला_यावल
ठेवलाय, गोठ्यात आहे. एमएम ५४०, चार गिअर, केएमटी ९० गिअरबॉक्स. दोन महिने तिसऱ्यात खडखड करत होता. परवा बांधावर चढताना कडकन् आवाज आला आणि पोटाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. तेल सगळं चाकोरीत.

सातपुडा४४
गिअरबॉक्सचं सोडा. मागे-पुढे क्राऊन-पिनियन, म्हणजे धुऱ्यातली गिअरची जोडी, एकाच दातांची आहे का ते आधी बघा. एकीकडे ३९:८ आणि दुसरीकडे ४३:८ असेल तर फोर लावल्यावर ट्रान्सफर गळा काढेल. एक चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवरच राहू द्या, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पावणेपाचच्या थोडं पुढे आले तर ३९:८, साडेपाचच्या जरा अलीकडे आले तर ४३:८.

केळीवाला_यावल
धुरे मूळचेच आहेत. त्यांचं मी विचारलंच नाही.

सातपुडा४४
पुढे कामाला येईल.

लेथवाला_चोपडा
मी एकाचं करून दिलंय. टू-व्हीलचा मेन शाफ्ट (गिअरबॉक्समधला मुख्य दांडा) मागून कापायचा, फोर बाय फोरच्या शाफ्टचा तुकडा वेल्ड करायचा, लेथवर घासायचा. एका दिवसाचं काम.

जुना_फिटर_जळगाव
आणि तुटला कधी? मेन शाफ्टची कातडी कडक केलेली असते, वेल्डिंगच्या आचेने ती तिथेच मऊ पडते. पहिल्या गिअरचा जोर, त्यावर ट्रान्सफर लोमध्ये, म्हणजे हळू पण जोराच्या गिअरमध्ये, आणखी जवळपास अडीचपट. सगळा ताण त्या सांध्यावर.

लेथवाला_चोपडा
ती गाडी अजून चालतेय.

जुना_फिटर_जळगाव
डांबरावर चालत असेल. केळीची ट्रॉली लावून काळ्या मातीत चालवून दाखवा.

यावलकर भाऊ, तुमचं काम कापाकापीचं नाही, अदलाबदलीचं आहे. टू-व्हीलच्या बॉक्सला मागे टेल हाउसिंग असतं, त्यात शाफ्टची मागची बेअरिंग, मीटरची केबल आणि शेवटी फ्लँज. फोर बाय फोरला ते शेपूटच नसतं. मेन शाफ्टचं टोक चिरांचं (उभ्या खाचांचं) असतं, त्यावर ट्रान्सफरचा गिअर चढतो, नट बसतो, आणि ट्रान्सफर थेट बॉक्सच्या पाठीला बोल्टने लागते. म्हणून जुन्यातला मेन शाफ्ट आणि मागची प्लेट काढा, नव्या डब्यात घाला. मीटरची केबल ट्रान्सफरवरूनच राहील.

पण आधी जुना शाफ्ट बघा. तिसरा खडखडत होता म्हणता, मग लेअर शाफ्टचे, म्हणजे मेनला फिरवणाऱ्या जोडदांड्याचे दात गेले असतील, मेन वाचला असेल.

कायदा_आधी
सावधान! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. आरटीओने पकडलं तर गाडी जप्त.

रात्रपाळी
अहो, गाडी मुळातच फोर बाय फोर आहे. ते गेलेला भाग बदलताहेत, टू-व्हीलची फोर नाही करत.

कायदा_आधी
सांगणं माझं काम.

खानदेशी_मळेवाला
भाव काय चाललाय यावलला? आमच्याकडे व्यापारी घड बघून नाकं मुरडू राहिले.

रात्रपाळी
धागा गिअरबॉक्सचा आहे.

केळीवाला_यावल
उघडला. लेअर शाफ्टवर सलग पाच दात गायब, तळाशी तेलात चुऱ्यासकट सापडले. मेन शाफ्ट बोटाने चाचपला, चिरा छान आहेत. पण जुना तिसरा गिअर नव्या लेअरशी जुळत नाही. धरून फिरवला तर अडतो. दात मोजले, एकाचा फरक.

जुना_फिटर_जळगाव
म्हणूनच विचारणार होतो. शाफ्ट जुना, त्यावर गिअर सगळे नव्याचे. बुशचं माप एकच आहे का ते व्हर्नियरने बघा, डोळ्याने नको. सिंक्रो रिंगही (गिअर अलगद लागावा म्हणून असलेल्या कड्या) नव्याच्याच गिअरसोबत ठेवा. आणि मधलं ऑइल सील बदला, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल ट्रान्सफरमध्ये उतरेल आणि वर डबा कोरडा राहील.

केळीवाला_यावल
माप एकच आलं, सगळं बसवलं. चारही गिअर लागतात. पण ट्रान्सफरची छोटी दांडी लोमध्ये जातच नाही. दोन माणसांनी ओढली. उद्या कटाई.

जुना_फिटर_जळगाव
ओढू नका, वाकेल! फोर-व्हीलची दांडी आधी लावली का?

केळीवाला_यावल
नाही. लो नुसतं तपासत होतो. जीप आजवर दादाच चालवायचे, मला त्यातलं फारसं कळत नाही.

जुना_फिटर_जळगाव
हे सुरुवातीलाच सांगायचं ना! आत एक पिन असते, पुढचा धुरा जोडल्याशिवाय ती लो लागूच देत नाही. आधी फोर लावा, मग लो, क्लच दाबून, गाडी जरा हलवत.

केळीवाला_यावल
लागलं! दादा दारात बसून हसताहेत. म्हणे, मला विचारलं असतंस तर!

लेथवाला_चोपडा
ते लांब शेपूट आणि टू-व्हीलचा उरलेला शाफ्ट विकायचा असेल तर सांगा.