'यातना' लिहू की नको? मदत हवी आहे

मंडळी, एका शब्दावर अडलोय. आजीच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढतोय. तिच्या शेवटच्या महिन्यांबद्दल लिहिलं, 'आजीने असह्य यातना भोगल्या.' काका लगेच म्हणाले, "यातना काढ. त्या पापाच्या असतात, यमाच्या दारातल्या!"

संस्कृतात 'यातना'ला नरकातल्या शिक्षेचा अर्थ आहे हे खरं, 'नरकयातना' आपण म्हणतोच. पण मरणयातना, तुरुंगातल्या यातना यांत कुठे आलं पाप? 'वेदना' घालून पाहिलं तर वाक्य दवाखान्याच्या कागदासारखं वाटतं. वेदना काय, गुडघ्यालाही होतात. 'हाल झाले' म्हणावं तर आम्हीच तिची आबाळ केली असा वास येतो (नाही केली हो!). ती स्वतः फक्त "कळ आली रे" म्हणायची आणि पलंगाची कड घट्ट धरायची.

मला वाटतं खरी खोच 'भोगल्या'त आहे. भोग म्हटलं की कर्म आलंच. नुसतं 'यातना झाल्या' लिहिलं तर चालेल का? तुमच्या कानाला 'यातना'त शिक्षेची छटा जाणवते का? शनिवारी मजकूर छपाईला द्यायचाय.